न फुगलेलं पीठ

हल्ली कॉलेजातली मुलं माझ्याकडे येऊन विचारतात, "जीवरसायन शिकायचं आहे, कोणकोणते विषय घेऊ?" तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो आणि थोडी कीवही येते. हेवा अशासाठी, की त्यांच्या विषयाला नाव आहे. कीव अशासाठी, की तो त्यांना शिजवून, ताटात वाढून मिळतो. माझ्या वेळी रसायन होतं, वनस्पतिशास्त्र होतं, शरीरशास्त्रही होतं, पण या तिघांचं आपसांत बोलणं नव्हतं. त्यांना एका पंगतीला बसवायचं तर पंगत आपणच मांडायची. मी ती मांडली, आणि ठाण्याला आमच्या ओटीवर बसून मांडली. तिला माझ्या आत्याचाही हात लागला. तो कसा लागला तेच सांगायला बसलो आहे.

आमचं घर ठाण्याच्या जुन्या वस्तीत, देवळाच्या मागे. आम्ही ख्रिस्ती, पण चर्चला देऊळच म्हणतो. पोर्तुगीजांच्या काळात आमच्या पूर्वजांनी धर्म बदलला. भाताची खाचरं, खाडीची मासळी आणि दारातले ताड मात्र जिथल्या तिथे राहिले. आई मी लहान असतानाच गेली. वडील कल्याण स्टेशनातल्या मालगोदामात कारकून होते आणि आठवडाभर तिकडेच राहायचे. मला वाढवलं ते वडिलांच्या थोरल्या बहिणीने. ती विधवा होती, आवाजाने दणकट होती, आणि देवाखालोखाल तिचा विश्वास फुग्यांवर होता.

फुगे म्हणजे आमच्याकडचं सणाचं खाणं. मैद्यात ताडी घालून पीठ मळायचं, घोंगडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवायचं, ते टम्म फुगलं की त्याचे गोळे तेलात सोडायचे. लग्न असो, नाताळ असो, कोणी परगावी निघालेलं असो, आत्या फुगे करायची. पीठ झाकण्याआधी ती त्यावर बोटाने क्रूस काढायची. मी लहानपणी विचारलं होतं, "आत्या, पीठ फुगतं कशाने?"

"क्रूस काढते म्हनून."

"मग एकदा न काढता बघूया."

त्यावर पाठीत धपाटा मिळाला. शास्त्रीय प्रयोगाबद्दल मला मिळालेली ती पहिली पावती. पण प्रश्न काही पाठीतून निघाला नाही. ताडावरून उतरवलेला रस सकाळी गोड असतो, दुपारी त्याला फेस येतो, संध्याकाळी तो डोक्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी आंबट होतो. मडकं तेच, झाकण तेच, कोणी त्यात काही टाकलेलं नाही. मग आत बसून हे सगळं करतं कोण?

मॅट्रिक झालो, मुंबईच्या कॉलेजात गेलो, पहिली परीक्षा चांगली पार पडली. चांगली म्हणजे उत्तमच. उगाच नम्रपणा कशाला करू? पुढे विज्ञानाची पदवी घ्यायची तर कोणते विषय कोणत्या क्रमाने शिकणार, हे लिहून रसायनाच्या प्रोफेसरांची सही घ्यावी लागायची. रसायन घेणारी मुलं जोडीला गणित आणि पदार्थविज्ञान घेत. वाट रुळलेली होती. त्या वाटेने गेलेले लोक पुढे टांकसाळीत, कापडाच्या गिरणीत, रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला लागत. मला त्या वाटेवर काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं ते मडकं.

नाताळच्या सुट्टीत मी ओटीवर बसून आराखडा तयार केला. आधी साधं रसायन, म्हणजे धातू, आम्लं, क्षार. त्यानंतर सेंद्रिय रसायन, कारण साखर आणि मद्यार्क कशाचे बनले आहेत हे कळल्याशिवाय एकाचं दुसरं कसं होतं हे कळायचं नाही. त्याच्या बरोबरीने वनस्पतिशास्त्र, पण पानाफुलांची नावं पाठ करण्यापुरतं नव्हे, सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचं. आणि शेवटच्या वर्षी प्राण्यांचं शरीरशास्त्र: दूध, रक्त, पित्त, पचन. म्हणजे आधी निर्जीवाचं रसायन, मग सजीवाने बनवलेल्या पदार्थांचं, आणि मग खुद्द सजीवाचं. एक पायरी गाळली तर पुढच्या पायरीवर पाय पोचत नाही. आजही मुलांना मी हाच क्रम सांगतो. तेव्हा मी विशीत होतो आणि हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आत्या तांदूळ निवडता निवडता माझ्याकडे पाहून म्हणायची, "पोरा, येवढं खोडून खोडून लिवतोस ते कनाला? लगीन जमवतोस का कोनाचं?" मी म्हणायचो, तसंच काहीसं आहे.

वडिलांना ते लग्न पसंत नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते, बेताचं बोलणारे होते. शनिवारी संध्याकाळी कल्याणहून आले की हातपाय धुवून पाटावर बसायचे आणि जे काही ठरवायचं ते जेवताना ठरवून टाकायचे. त्यांनी मालगोदामातल्या आपल्या साहेबाकडे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. जागा धरून ठेवलेली होती.

"गणित घेऊन शिकलास तर रेल्वे तुला कुठंही घेईल," ते म्हणाले. "इंजिनाच्या पाण्याला रसायनवाला लागतो. दूध नासलं तर रसायनवाला कोण ठेवतो? फेकून देतात."

"बाबा, ते नासतं का, हेच शोधायचं आहे."

त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि विचार केला. "प्रोफेसराची सही आण. सही झाली तर तुझं खरं. नाही झाली तर उगाच तिथं वर्ष घालवू नकोस. पुढच्या सोमवारी कल्याणला माझ्याबरोबर हजर व्हायचं."

सौदा सरळ होता आणि मी तो लगेच मान्य केला. मला वाटलं, सही काय, आत्ता होईल.

झाली नाही. प्रोफेसर साहेब उंच, लालबुंद चेहऱ्याचे, रागीट पण मनाने सरळ. त्यांनी माझा आराखडा वाचला आणि पेन्सिलीने वनस्पतिशास्त्रावर टिचकी मारली. "हे कशाला? ताडी आंबते, लोखंड गंजतं. दोन्ही रसायनच. लोखंड गंजतं म्हणून कोणी वनस्पतिशास्त्र शिकत नाही."

"लोखंडाला उकळलं तरी ते गंजतं, साहेब," असं काहीतरी चलाख बोलायला हवं होतं. ते तेव्हा सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो, की ताडीत काहीतरी जिवंत आहे. युरोपातले काही पंडित आता असं म्हणू लागले आहेत, हेही सांगितलं. साहेबांनी नाक मुरडलं. ते जुन्या वळणाचे. साखर फुटते, तिचा मद्यार्क होतो, आणि शेजारी काही बुरशी वाढत असलीच तर ती फुकटची पाहुणी, असं त्यांचं मत. मग त्यांनी ती गोष्ट केली जिच्यासाठी मी त्यांना अजून मानतो. ते म्हणाले, "पंडितांचं सांगू नका. दाखवा."

थंडीच्या दिवसांत ते ठाण्याला खाडीकाठी पाणलावे नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीला येत असत. येत्या शनिवारी येणारच होते. शिकार आटोपून आमच्या घरी यायचं त्यांनी कबूल केलं. माझ्या पुढे दिवस थोडे होते, पण धाकधूक मुळीच नव्हती. प्रयोग माझ्या मनात पक्का होता.

तो असा. ताडीत रसायनशास्त्राला जे जे सापडतं ते ते मी कॉलेजात वेगळं काढून पाहिलं होतं: साखर, मद्यार्क, थोडं आम्ल, थोडे क्षार, अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा एक पदार्थ. हे सगळं त्याच प्रमाणात पाण्यात मिसळलं की रसायनवाल्याच्या हिशेबाने ताडी तयार. मी एक पीठ माझ्या या बनावट ताडीने मळणार आणि दुसरं खऱ्या ताडीने. दुसरं फुगेल, पहिलं पडून राहील. म्हणजे खऱ्या ताडीत असं काही आहे जे आपल्या यादीत नाही. मग साहेब सही करतील. मी मनातल्या मनात साहेबांचा चेहराही पाहून घेतला होता.

शनिवारी आत्या पहाटेपासून कामाला लागली. गोरा साहेब आमच्या घरी येणार म्हणजे तिच्या लेखी लहानसा बिशपच. तिने ओटी सारवली. बसायला आमच्याकडे पाट होते. साहेब पाटावर बसणार कसा म्हणून पाद्रीबाबांकडून देवळातली खुर्ची मागून आणली. टेंभी नाक्यावरून मी चांगला मैदा आणला. घरात बदकाचा रस्सा शिजत होता, नारळाची वडी होत होती, वेलदोड्याचा वास दरवळत होता. खरी ताडी आणून ठेवायचं काम मी तिच्यावरच सोपवलं होतं, कारण ताडी काढणारा शेजारी तिचंच ऐकायचा. "सकाळची ताडी हवी, स्वच्छ मडक्यात," एवढं मी बजावलं होतं. स्वच्छ हा शब्द मी दोनदा उच्चारला.

साहेब आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात बरबटून, खांद्याला बंदूक अडकवून आणि खुशीत. खुर्चीवर बसले. मी ओटीवर दोन परातींत मैदा घेतला. एकीत माझी बाटलीतली बनावट ताडी ओतली, दुसरीत आत्याने आणून दिलेल्या मडक्यातली. दोन्ही पिठं सारखी मळली, दोन ओल्या फडक्यांनी झाकली आणि चुलीशेजारी सारख्या अंतरावर ठेवली. साहेबांना बोलावून तेही दाखवलं. आत्याने सवयीने दोन्हींवर क्रूस काढला, आणि या वेळी मी काही बोललो नाही. दोन्हींवर काढलाय ना, मग प्रयोगाला बाधा नाही.

साहेब जेवले. रस्सा त्यांना तिखट लागला, पण दुसऱ्यांदा मागून घेतला. मग ते खाडीच्या पक्ष्यांबद्दल बोलत बसले. ऊन ओटीवरून सरकत गेलं. आमच्या फुग्यांचं पीठ एवढ्या वेळात फडकं वर उचलतं. मी ऐटीत उठलो आणि साहेबांना आत बोलावलं.

दोन्ही पिठं जशीच्या तशी. दोन चपटे गोळे, शेजारी शेजारी, बहिणी बहिणींसारखे.

साहेब वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या दोन्ही पिठांचं एकमत दिसतंय." थट्टा कडू नव्हती, पण ती खिशातून निघणाऱ्या पेन्सिलीबरोबर आली. आराखडा त्यांच्या हातात होता. वनस्पतिशास्त्र आणि शरीरशास्त्र खोडून ते तिथे गणित लिहिणार होते, आणि त्या आराखड्यावर सही मागायला मी तयार नव्हतो. म्हणजे सोमवारी कल्याण. मालगोदामातली ती गोणपाटांची रांग आणि वडिलांच्या शेजारचं रिकामं स्टूल मला त्या चुलीपाशी उभं राहून दिसलं. लहानपणापासून शेकडो वेळा फुगलेलं पीठ आज, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, फुगलं नव्हतं. मला रडू यायच्या ऐवजी राग आला. हे पीठ असं करूच शकत नाही.

मी मडकं उचललं. त्यात थोडी ताडी उरली होती. भर दुपारी ताडीचं मडकं कानाला लावलं तर आत सरसर आवाज येतो, फेस काठावर येतो. हे मडकं गप्प होतं. आतला रस विहिरीच्या पाण्यासारखा निवळ, आणि वास घेतला तर वेलदोड्याचा. इतका वेळ मला वाटत होतं की तो वास वडीचा आहे.

"आत्या!" मी ओरडलो. साहेब दचकले. "काय केलंस या ताडीला?"

आत्या दारात आली, हात पदराला पुशीत. "कना केलं? काय नाय केलं."

"यात वेलदोडा कुठून आला?"

"मग? साहेब हाय तो!" ती उलट माझ्यावरच डाफरली. "त्याच्या म्होरं कच्ची ताडी ठेवायची? वास मारत व्हती. फेस येत व्हता. फडक्यातून गालली, चांगली उकलली, थंड केली, वेलची टाकली. तूच बोललास ना, सोच्छ पायजे म्हनून? उद्या साहेब बोलंल, ताडीवाल्याचा पोऱ्या हाय, घानेरडी ताडी घेऊन आला. मना ऐकवंल ते?"

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फाटला. मला ठाऊक होतं ते कुठून आलं. गावात भांडण झालं की आम्हाला ताडीवाले म्हणून हिणवत. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तिने घेतलं होतं, माझ्या वाटणीचंही. माझा प्रयोग तिने मोडला तो अडाणीपणाने नव्हे. पाहुण्याला कच्चं देऊ नये, आपल्या मुलाला खाली पाहायला लागू नये, म्हणून. आमच्या घरात कोणीही हेच केलं असतं. मला तिच्यावर रागवायचं होतं आणि तिला कवटाळायचंही होतं.

आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मडकं हातात घेऊन, त्या चपट्या पिठांसमोर उभा राहून हसायला लागलो. साहेबांना वाटलं मुलाचं डोकं फिरलं.

मी त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं: फडकं, उकळी, वेलची, तिचं म्हणणंही. ते ऐकताना त्यांची पेन्सिल थांबली. पण ते कसलेले गृहस्थ होते. ते लगेच म्हणाले, "उकळताना मद्यार्क उडून गेला असेल. पीठ त्याने फुगत असेल. यातून जिवंतपणा सिद्ध होत नाही."

"मद्यार्क माझ्या पिठात आहे, साहेब," मी दुसऱ्या परातीकडे बोट दाखवलं. "बनावट ताडीत मी तो पुरेपूर घातलाय. तेही फुगलं नाही. एका पिठात सगळं आहे पण ते कधी जिवंत नव्हतं. दुसरं जिवंत होतं, ते आत्याने मारलं."

साहेब पुन्हा जाऊन देवळाच्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी असं काही विचारलं, जे माझ्या प्रयोगात नव्हतं आणि खरं तर असायला हवं होतं. "कच्ची ताडी मिळेल आत्ता? चमचाभर. चमचाभर मद्यार्काने किंवा साखरेने काही फरक पडणार नाही. पण तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर चमचाभर जीव पुरे होईल."

शेजाऱ्याकडे कच्ची ताडी होतीच. साहेबांनी आपल्या हाताने त्यातली चमचाभर आत्याच्या उकळलेल्या ताडीत टाकली, ढवळली, आणि मी नवं पीठ मळलं. आत्या रुसून आत बसली होती. तिला हात धरून बाहेर आणलं आणि घोंगडी तिनेच गुंडाळावी असं सांगितलं. तिने ती अशी गुंडाळली की तापाच्या पोराला गुंडाळतात. जुन्या दोन पिठांना मुद्दाम तिथेच ठेवलं.

मधल्या वेळात साहेब स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी माझा आराखडा मांडीवर घेतला आणि तो असा सोलून काढला की मला घाम फुटला. पण आता ते खोडत नव्हते, हलवत होते. उष्णतेचा अभ्यास गाळू नका, ते म्हणाले. तुमच्या आत्याने नेमक्या किती उष्णतेवर घात केला हे उद्या तुम्हालाच मोजावं लागेल. गणित थोडं तरी ठेवा. सेंद्रिय रसायनाआधी मोजमापाचं, पृथक्करणाचं काम हाताला बसू द्या. शरीरशास्त्र आमच्याकडे पुरेसं शिकवत नाहीत, त्याची व्याख्यानं वैद्यकाच्या मुलांबरोबर ऐका, मी परवानगी मागतो. आणि जर्मन शिका.

"जर्मन कशाला?"

"कारण तुमचा विषय सध्या त्या भाषेत राहतो."

मी गणितावर वाद घातला आणि हरलो. बाकी सगळं माझ्या मनासारखं झालं. खरं म्हणजे माझ्यापेक्षा चांगलं झालं, पण हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

कल्याणची गाडी येऊन गेली आणि वडील दारात उभे राहिले. त्यांनी पाहिलं ते असं: ओटीवर देवळातली खुर्ची, तिच्यात चिखलाने माखलेला गोरा साहेब, त्याच्या मांडीवर कागद, आणि आत चुलीपाशी आपली बहीण घोंगडीला कान लावून बसलेली. चपला काढून बाजूला उभे राहिले.

आत्यानेच हाक मारली. आम्ही सगळे आत गेलो. घोंगडी बाजूला केली तर फडक्याला फुगीर पोट आलं होतं. फडकं काढलं. पीठ परातीच्या काठावर आलं होतं. शेजारी ते दोन चपटे गोळे सुकून भेगाळले होते. साहेबांनी नव्या पिठात बोट खुपसलं, ते हळूच वर आलं, आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा "हा!" म्हणाला. त्यांनी पुन्हा खुपसलं. आत्या म्हणाली, "त्याला सांग, सारखं टोचू नको, बसंल ते." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं आणि साहेबांनी हात मागे घेतला.

सही करताना ते थांबले. वर विषयाचं नाव लिहायला जागा सोडलेली होती. "या सगळ्याला मिळून काय म्हणायचं?"

"अजून काही सुचलेलं नाही," मी म्हणालो.

"मग जागा रिकामी राहू द्या." त्यांनी खाली सही ठोकली.

साहेब गेल्यावर वडिलांनी कागद दिव्यापाशी धरून पाहिला. सही खरी आहे, याची खात्री केली. मालगोदामात त्यांना तीच सवय होती. मग पिशवीतून एक गाठोडं काढलं. माझ्यासाठी ऑफिसचा काळा कोट शिवून आणला होता. ते मला माहीत नव्हतं, आणि क्षणभर मला फार वाईट वाटलं. त्यांनी तो माझ्या खांद्याला लावून पाहिला. "कॉलेजात कोट चालतो ना?" ते म्हणाले. एवढंच. मी तो कोट पदवी मिळेपर्यंत घातला, कोपरं विरली तरी.

सोमवारी पहाटे निघायचं होतं, वडिलांना कल्याणला आणि मला मुंबईला. आत्याने वाटेसाठी फुगे करायला घेतले. पीठ रात्रीच घोंगडीत घातलेलं, या वेळी कच्च्या ताडीचं. मी कोट चढवून चुलीपाशी उभा होतो. तिने गोळा वळला, तेलावर धरला आणि सोडलाच नाही.

"पोरा," ती म्हणाली, "शनिवारी बोललास ते खरं का? जित्तं असतं यात?"

"खरं."

"मी उकलली तवा मेलं?"

"हो, आत्या."

"आनि आता तेलात टाकला तर?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "तेलातही मरतं."

ती हातातल्या गोळ्याकडे पाहत राहिली. तिने इतक्या वर्षांत तळलेले सगळे फुगे, लग्नांचे, नाताळांचे, माझ्या आईच्या लग्नाचे, तिच्या डोळ्यांपुढून जात असावेत. मला वाटलं, आता ही फुगे करायचं सोडते की काय. सोमवार आमच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा वार. त्या प्रार्थनेत आमच्या घरच्या गेलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं असतं; नाव चुकलं तर प्रार्थना पोचत नाही, अशी तिची समजूत.

"नाव काय त्याचं?" तिने विचारलं.

मी इंग्रजी नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, ते तिच्या तोंडात बसेना. "आपल्यात काय म्हंतात?"

"आपल्यात अजून कोणी नाव ठेवलं नाही, आत्या."

"मग शिकून ये आनि ठेव," ती म्हणाली. "तवर मी ताडीतला बारका जीव म्हनते. देवाला कलंल." तिने डोळे मिटून गेलेल्यांची नावं घेतली, तिच्या आईबापांची, नवऱ्याची, माझ्या आईची, आणि त्यांच्या शेवटी ताडीतल्या बारक्या जिवाची. मग तिने गोळा तेलात सोडला.